विकणाऱ्याला काय म्हणायचं? आठवडी बाजाराच्या फलकांसाठी शब्द हवेत

सिंदफणा
गावच्या आठवडी बाजारात ग्रामपंचायतीनं नवे ओटे बांधलेत. प्रत्येक ओळीच्या तोंडाला ३ फूट बाय १ फूट पत्र्याचा फलक लागणार आहे. पेंटरला द्यायच्या मजकुराच्या पहिल्या खर्ड्यात सगळीकडं एकच शब्द पडलाय: भाजीपाला विक्रेते, फळ विक्रेते, बांगडी विक्रेते, धान्य विक्रेते, जनावर विक्रेते. बाजारात हा शब्द कुणाच्याच तोंडी नाही. माणसं बागवान म्हणतात, कासार म्हणतात, बेपारी म्हणतात, हेडा म्हणतात.

आपल्याकडं मराठवाड्यात खरोखर चालणारे शब्द कोणते, त्यांच्यात फरक नेमका कुठं आहे, आणि त्यातला कोणता फलकावर शोभेल? माझं मत स्पष्ट आहे: "विक्रेते" नको.

कोरडवाहू
भाजीवाले, फळवाले, बांगडीवाले, धान्यवाले. "वाला" लावला की शेंबड्या पोरालाही कळतं. एवढा खल कशाला?

मोंढ्याची_पट्टी
कोरडवाहू, धान्यवाला म्हणजे कोण ते सांगा. मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या घाऊक बाजारात, एका पोत्याभोवती पाच-सहा माणसं उभी असतात आणि प्रत्येकाला वेगळा शब्द आहे, कारण प्रत्येकाची जबाबदारी वेगळी आहे.

आडत्या माल विकत घेत नाही. शेतकऱ्याचा माल त्याच्या दुकानापुढं उतरतो, ढीग लागतो, तो शेतकऱ्याच्या वतीनं सौदा करून देतो आणि त्याबद्दल शेकड्यावर आडत घेतो. सौदा होईपर्यंत मालक शेतकरीच. खरेदीदार बोली बोलतो आणि सौदा तुटला, म्हणजे भाव पक्का झाला, की माल त्याचा होतो. बाजार समितीचा परवाना दोघांचा वेगवेगळा. काही पेढ्यांकडं दोन्ही परवाने असतात आणि घोळ तिथंच सुरू होतो. दलाल हा तिसराच. त्याचं ना दुकान, ना माल. तो दोन पार्ट्या जोडून देतो आणि एकाकडून किंवा दोघांकडून दलाली घेतो. मापाडी वजन करतो, हमाल पोतं उचलतो, मुनीम लिहितो. या तिघांपैकी कुणीच विकणारा नाही.

हा फरक कागदावर फार महाग पडतो. हिशोबपट्टीवर आडत्याचं नाव असतं, खरेदीदाराचं असतं, वजन, भाव आणि खाली हमाली-तोलाई वजा केलेली असते. पैसे अडकले की लोक अर्जात लिहितात, "व्यापाऱ्यानं पैसे दिले नाहीत." आता पट्टीवरच्या दोघांपैकी व्यापारी कोणता? अर्जात "आडते अमुक, खरेदीदार तमुक" अशी दोन्ही नावं पट्टीवर आहेत तशीच उतरवावीत, पट्टीचा क्रमांक आणि तारीख टाकावी, पट्टीची झेरॉक्स जोडावी. १९६३ च्या बाजार समिती कायद्यानं चालणारी सगळी व्यवस्था या कागदावर उभी आहे.

आणि बेपारी हा शब्द तर त्याहून जपून वापरायचा. खळ्यावर टेम्पो घेऊन येतो, तिथंच काटा लावतो, रोख देतो, तो बेपारी. तिथं पट्टी नसते. मिळाली तर कच्ची चिठ्ठी. भाव मोंढ्यापेक्षा पन्नास रुपयानं जास्त सांगितला तरी काट्यात, कडत्यात तो कधी निघून जातो ते कळत नाही.

कोरडवाहू
मान्य. धान्यवाला मागं घेतला. बाकीचे वाले ठेवतो.

जास्वंद
कडता म्हणजे काय हो? आमच्याकडं तूट म्हणतात.

मोंढ्याची_पट्टी
माती, काडी, ओल यापोटी प्रत्येक पोत्यामागं किंवा क्विंटलमागं जे वजन सरसकट कापतात तो कडता. बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं, वजन वेगळं कापलं जातं. ते खरं वजन आहे, त्याबद्दल तक्रार नसते. काट्यावरचं सगळं वजन, बारदाना आणि कडता असे तीन आकडे वेगळे लिहून मागावेत. एकाच आकड्यात गुंडाळले की बोलायला जागा राहत नाही.

कंधारी_गोऱ्हा
जनावरांच्या बाजाराचं सांगतो. हाळी हंडरगुळीचा बाजार घ्या नाहीतर माळेगावची यात्रा, "जनावर विक्रेता" म्हणालात तर शेतकरी स्वतःकडं बोट करील. विकणारा तोच. मधे उभा असतो तो हेडा. तो कधी स्वतःच्या पैशानं जनावर घेऊन पुढच्या बाजारात विकतो, कधी नुसता सौदा जुळवून देतो. दोन्ही कामांना शब्द एकच, म्हणून आधी विचारून घ्यायचं: "स्वतःसाठी घेतोस का गिऱ्हाईक हाय?" स्वतःसाठी घेणारा भाव पाडतो. गिऱ्हाईक असलेला सौदा तुटेल तिथं आणायला बघतो.

भाव तोंडानं होत नाही. रुमालाखाली किंवा धोतराच्या सोग्याखाली हात घालून बोटं धरायची. एक बोट म्हणजे शंभर की हजार, हे आधी दोघांत ठरलेलं पाहिजे. ठरलं नसेल तर भांडण ठरलेलं. बाजूच्याला भाव कळू नये एवढ्यासाठीच हा रुमाल.

वय दातावर. दुधाचे दात असलेला आदत, दोन दाती झाला की दुसा, मग चौसा, सहा दाती आणि शेवटी जुळलेला. आदत आणि आडत यांत फक्त एका अक्षराचा फेर आहे, पण आदत म्हणजे दात न पडलेलं वासरू. पेंटर बाहेरगावचा असेल तर हे दोन शब्द त्याच्या हातात देऊ नका. देवणी आणि लाल कंधारी विकायला आणणाऱ्या शेतकऱ्यानं पैसे मोजून घेतल्यावर बाजाराची पावती केल्याशिवाय कासरा सोडू नये. पावतीवर रंग, शिंगं, दात, डाग लिहून घ्यावेत.

पाटीपेन्सिल
कोरडवाहूंच्या "वाला"कडं परत येतो, कारण तो दिसतो तितका सोपा नाही.

जिन्नस मोजायचा नसेल तर शब्द तसाच राहतो: दूधवाला, मीठवाला, भाजीवाला. शेवटी आ असलेला मोजायचा जिन्नस असेल तर तो अनेकवचनात जातो: फुगेवाला, आंबेवाला, पेढेवाला, कपडेवाला. फुगावाला कुणी म्हणत नाही. ईकारान्त शब्द एकवचनातच टिकतो: बांगडीवाला, टोपीवाला, टोपलीवाला. भांडं, अंडं यांचं दोन्ही ऐकू येतं, भांडेवाला आणि भांडीवाला. चहाला काहीच होत नाही.

दुसरी अडचण अर्थाची. फुगेवाला फुगे विकतो, घड्याळवाला बहुतेक दुरुस्ती करतो, गाडीवाला गाडी हाकतो, टोपीवाला टोपी विकतो किंवा घालतो. आणि गाडेवाला म्हणजे गाडा विकणारा नव्हे, गाड्यावर काहीतरी विकणारा. जिन्नस, जागा, वाहन, कपडा, सगळ्यालाच "वाला" लागतो. म्हणून तो बोलताना चालतो, समोर माणूस असतो. फलकावर माणूस नसतो.

"दार" त्यामानानं ठाम आहे. दुकानदार म्हणजे दुकान धरून बसलेला. जागा त्याची किंवा भाड्याची, पण पक्की. पाल ठोकून बसणाऱ्याला दुकानदार म्हणत नाहीत, त्याच्या मालाला मात्र "दुकान लावलं" म्हणतात.

गुजरी_रोजची
बायांचे शब्द कुणीच घेतले नाहीत अजून. भाजीच्या ओळीत निम्म्याच्या वर बाया बसतात.

"ईण" लावून झालेले शब्द दोन जातीचे आहेत. माळीण म्हणजे स्वतः पाटी घेऊन येणारी, विकणारी. कासारीण स्वतः बांगड्या भरते. पण वाणीण म्हणजे वाण्याची बायको, ती गल्ल्यावर बसो न बसो. दुकानदारीण दोन्हीकडं चालतो. "व्यापारीण" कुणी म्हणत नाही, कितीही मोठा व्यवहार सांभाळत असली तरी ती "व्यापारी"च. "विक्रेती" फक्त कागदावर.

तोंडावर यातलं काहीच म्हणत नाहीत. मावशी, आक्का, काकू, मुसलमान बाई असली तर खाला. पुरुषाला मामा, दादा, चाचा, मामू. भाव करताना नातं लावलं की दोन रुपये कमी होतात असं नाही, पण तोडून बोलणं होत नाही.

आणि पहिली विक्री झाल्याशिवाय उधार मागायचं नाही. "अजून भवानी नाही झाली" म्हणतील. बोहनी आणि भवानी एकच, पण तुळजापूर जवळ असल्यानं आपल्याकडच्या बाया ती नोट कपाळाला लावतात आणि आईचं नाव घेतात. भवानीच्या गिऱ्हाईकाला मोकळं जाऊ देत नाहीत, म्हणून सकाळी पहिल्यांदा गेलात तर भाव बरा लागतो. घ्यायचं नसेल तर मात्र सकाळी भाव विचारू नये.

बिलोली_रस्ता
हाक मारायच्या शब्दांत भर घाला. लातूर, उदगीर, निलंगा भागात लिंगायत दुकानदाराला "आप्पा" म्हणतात. मारवाडी-गुजराती दुकानदाराला "शेट" किंवा "शेटजी". आणि "सावकार" ही हाक दक्षिणेकडं, कर्नाटकाच्या नि तेलंगणाच्या शिवेवर, मोठ्या दुकानदारासाठी आदरानं मारतात. त्यात कर्जाचा संबंध असतोच असं नाही. पण छापील मराठीत सावकार म्हणजे व्याजानं पैसे देणारा, आणि २०१४ पासूनचा सावकारी नियमनाचा कायदा त्याच अर्थानं शब्द वापरतो. तेव्हा हाक म्हणून ठीक, फलकावर अजिबात नको.

देगलूर, बिलोली, धर्माबादकडं तेलुगू मुळाच्या व्यापाऱ्यांना गावात कोमटी म्हणतात. तो समाज स्वतःला आर्य वैश्य म्हणवतो. त्यांना जे आवडतं तेच आपण म्हणावं.

बाभूळबन
बिलोली_रस्ता यांनी विषय काढलाच आहे तर स्पष्ट लिहितो. बागवान, कासार, मणियार, तांबोळी, अत्तार, तेली, माळी हे शब्द धंद्याचेही आहेत आणि जातीचेही. ग्रामपंचायतीच्या खर्चानं "बागवान ओळ" असा फलक लावलात तर उद्या मराठा शेतकरी पेरू घेऊन आला की त्यानं बसायचं कुठं? आणि बागवानाच्या पोरानं मोबाईलची कव्हरं विकायला आणली तर त्याला फळांच्या ओळीत बसवणार का? ओटे सगळ्यांचे आहेत. सिंदफणा, तुमची तळमळ कळते, पण या यादीतला एकही शब्द फलकावर जाऊ नये.

सिंदफणा
बाभूळबन, हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता आणि तो बरोबर आहे. पण मग "विक्रेते"वरच परत जायचं का? शब्द फलकावर नसले म्हणून ते मरून जावेत असंही वाटत नाही. बागवान आणि माळी यांत जो फरक आहे तो "फळ विक्रेता" म्हटल्यावर कुठं उरतो?

मोसंबी_बहार
तो फरक सांगतो. शब्दाच्या मुळाकडं बघितलं तर फारसीत बागवान म्हणजे बाग राखणारा. आपल्याकडं माळी पिकवतो आणि विकतो, बागवान पिकवलेलं विकत घेतो आणि विकतो. जालना, पैठण, अंबडच्या मोसंबीत तो फळ झाडावर असतानाच बाग बघायला येतो.

सौदा दोन तऱ्हेचा. उक्ता, म्हणजे सगळ्या बागेचे एकदाच ठरलेले पैसे, किंवा टनावर. उक्त्यात गळ, गारपीट, चोरी सगळं घेणाऱ्याच्या अंगावर, म्हणून तो भाव दाबून बोलतो. टनावर दिलं तर जोखीम मालकाची, शिवाय बारीक फळ "मातेरं" म्हणून बाजूला काढलं जातं. बारीक म्हणजे किती बारीक, हे तोडणीच्या आधी फळ हातात धरून ठरवावं. बयाना घेतल्यावर तोडणीची शेवटची तारीख लिहून घ्यावी. भाव चढायची वाट बघत फळ झाडावर ठेवलं की पुढच्या बहाराचा ताण, म्हणजे झाडाचं पाणी तोडायचा काळ, बिघडतो, आणि ते नुकसान बयान्यात भरून येत नाही.

काचचुडा
कासार आणि मणियार यांतही असाच फरक. कासार मुळात काशा-पितळेचा, म्हणजे भांडी आणि बांगड्या दोन्ही. मणियार मण्यांचा, काचेचा. दोघेही बांगड्या "भरतात". विकतात असा शब्द त्यांच्या तोंडी क्वचित येतो, कारण काम हात दाबून, अंगठ्याचं हाड आत मुडपून, काच न फुटू देता चढवायचं आहे. हे "बांगडी विक्रेता" या शब्दात कुठंच येत नाही.

माप इंचाचं आणि सोळाव्या भागाचं. दोन-चार म्हणजे २ इंच आणि ४ सोळांश, अर्थात सव्वादोन इंच आतला व्यास. दोन-सहा, दोन-आठ तसेच, दोन-आठ म्हणजे अडीच. दोन-चार हे २.४ असं लिहितात आणि नव्या पोरी ते दशांश समजतात. घरी पट्टीनं बांगडी मोजली, आतला व्यास २.४ इंच भरला, म्हणून मोबाईलवरून २.४ मागवली की हातात चढत नाही, कारण ती मोजलेली बांगडी प्रत्यक्षात दोन-सहा असते. पट्टीनं मोजायचं असेल तर मिलिमीटर घ्यावेत: दोन-चार सुमारे ५७, दोन-सहा सुमारे ६०, दोन-आठ सुमारे ६३.

बांगडी फुटली असं कासार म्हणत नाही, "वाढली" म्हणतो. तसंच रात्री दुकान बंद करत नाहीत, "वाढवतात".

जास्वंद
दुकान वाढवलं! हे आजोबांच्या पिढीत सर्रास होतं. शटर ओढायला लागल्यापासून "बंद केलं".

लेणीवाचक
शब्द मरतात म्हणून सिंदफणांना वाईट वाटतंय, तर एक न मेलेला शब्द सांगतो. कन्नड तालुक्यातल्या पितळखोरा लेण्यात एका खांबावर ब्राह्मी अक्षरात दान कोरलंय: पतिठाणच्या, म्हणजे पैठणच्या, गंधिक कुळातल्या मितदेवाचं दान. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणारा. लेख दोन हजार वर्षांहून जुना मानतात. तोच शब्द पुढं गंधी, गांधी झाला. नंतर अरबीतून अत्तार आला, तोही त्याच धंद्याचा, आणि आजही गावोगावच्या जत्रेत अत्तर, अगरबत्ती, कुंकू, नाडापुडी घेऊन बसतो. दोन भाषांतले दोन शब्द, दुकान एकच.

त्या मितदेवानं आपलं गाव सांगितलं, कूळ सांगितलं आणि कूळ धंद्यानं सांगितलं. धंदा आणि कूळ यांची गाठ तेव्हाही होती, बाभूळबन म्हणतात ती अडचण तेवढीच जुनी.

सेठी/श्रेष्ठी वरून शेट. पेठेचं वतन सांभाळणारे ते शेटे, त्यांच्या जोडीला महाजन. ती पदं गेली, आडनावं राहिली. सराफ, बजाज, सौदागर हेही तसेच. बजाज म्हणजे अरबीत कापडवाला.

दऊत
उर्दूचा थर विसरू नका. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला कारभार हैदराबादचा आणि दफ्तराची भाषा उर्दू. "खरेदी-फरोक्त" जुन्या कागदांत सापडतो, त्यातला फरोक्त म्हणजे विक्री. त्याच मुळाचा "फरोश", विकणारा: मेवाफरोश, सब्जीफरोश. तो मराठीच्या तोंडी रुळला नाही. रुळला तो "तहबाजारी", बाजारात जमिनीवर बसायची फी. नगरपालिकांच्या पावत्यांवर हा शब्द आहे. मोंढा, गंज, मंडी, गुजरी हे जागांचे शब्द मात्र पक्के: जालना, परभणी, नांदेडला मोंढा, लातूरला गंजगोलाई, संभाजीनगरला शहागंज आणि गुलमंडी.

यावरून सिंदफणांना एक सुचवतो. आपल्या बाजारांना माणसाची नावं क्वचित आहेत. गुलमंडी फुलांची आहे, सराफा सोन्याचा आहे. फलक जागेचा असतो, तर नाव जागेला द्या.

नियम_वाचा
मघाशी कुणी लिहिलं नाही, पण पंचायतीत कुणीतरी "पथविक्रेते" सुचवील, म्हणून आधीच सांगतो. तो २०१४ च्या कायद्यातला शब्द, आणि त्यातली स्थानिक संस्था म्हणजे महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत वगैरे. ग्रामपंचायतीच्या आठवडी बाजाराला तो लावू नका. बोलण्यातला फेरीवाला फिरतो, पथारीवाला पथारी पसरून बसतो. ओट्यावर बसणारा दोन्हीत मोडत नाही.

कोरडवाहू
दऊत यांचं पटलं. "वाले" सगळेच मागं घेतले. माळव्याची, म्हणजे भाजीपाल्याची, ओळ, फळांची ओळ, असं लिहा.

पाटीपेन्सिल
"ओळ" घ्या, "लाईन" नको. अंतर मोजूनही सोपं जातं. ३ फुटात एका अक्षराला साधारण ३ इंच धरले तर बारा अक्षरं बसतात, कडेला जागा सोडली तर दहा. "भाजीपाला विक्रेते" सातच अक्षरांचं, पण क्र अक्षर लांबून भरून दिसतं. "माळवं" तीन अक्षरांत मोकळं बसतं.

गुजरी_रोजची
बागवान, कासार, हेडा तोंडात राहतीलच. ओट्यावर कोण बसलंय ते गिऱ्हाईकाला दिसतं, हाक तो मारील. फक्त शेतकऱ्यांसाठी वेगळी ओळ ठेवा. घरचं माळवं घेऊन बसणारी बाई आणि मोंढ्यातून घेऊन विकणारा बेपारी शेजारी बसले की बाईचा माल आधी संपत नाही. बेपाऱ्याकडं दहा जिन्नस असतात, तिच्याकडं मेथीच्या वीस जुड्या. तिला तोंडाशी जागा पाहिजे.

सिंदफणा
ठरलं. उद्या पेंटरला हे देतोय: माळवं (घरचं), माळवं, फळं, धान्य-डाळी, मिरची-मसाला, बांगड्या, भांडी, कापड, जनावर बाजार. "ओळ" शब्दही काढला, फलकच ओळीवर आहे. घरच्या माळव्याचा फलक वेशीकडून पहिला.

कंधारी_गोऱ्हा
जनावर बाजारच्या फलकाला बाण काढायला लावा. ओटे सोडून मागच्या मैदानात जायचं असतं, नाहीतर बैल माळव्यात शिरतील.

काचचुडा
आणि बांगड्यांचा फलक सावलीच्या बाजूला. उन्हात काच तापते, भरताना हात पोळतो.